वोल्फिया : साचल्या पाण्यावरची सर्वांत लहान फुलवनस्पती

वोल्फिया ही पाण्यावर तरंगणारी बिनमुळांची वनस्पती फुलणाऱ्या वनस्पतींत जगात सर्वांत लहान आहे. भारतात आढळणाऱ्या वोल्फिया ग्लोबोसा या जातीची पूर्ण वाढ झाली तरी तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच राहते. खसखशीचा दाणा तिच्यापुढे मोठा. सुटा कण नजरेत भरत नाही. दिसतो तो लाखो कणांनी मिळून धरलेला पोपटी थर. गावतळ्याचा वाऱ्याआडचा कोपरा, खदानीत साठलेले पाणी, वापरात नसलेली बारव, नाल्यावरचे डबके या तिच्या नेहमीच्या जागा. हाताने पाणी ढवळले की थर फाटतो, बोटांना बारीक हिरवे दाणे चिकटतात आणि थोड्या वेळाने फट पुन्हा बुजते. पाण्यावरचे हिरवे ते सगळे शेवाळ, असे समजून लोक या थराकडे लक्ष देत नाहीत. पण शेवाळाला फूल येत नाही आणि बीही धरत नाही. वोल्फियाला दोन्ही येते.

जर्मन वैद्य आणि निसर्गाचे अभ्यासक योहान फ्रीडरिख वोल्फ यांच्यावरून या प्रजातीला हे नाव मिळाले. तिच्या जवळच्या नात्यात आणखी चार प्रजाती आहेत : स्पायरोडेला, लँडोल्टिया, लेम्ना आणि वोल्फिएला. पाचही मिळून जगभरात सदतीसच्या आत जाती भरतात. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून डकवीड म्हणतात, कारण बदके त्या आवडीने खातात. ओळखायची सोपी खूण मुळांची आहे. स्पायरोडेलाची चकती पाच ते दहा मिलिमीटरची असते, तिची खालची बाजू बहुधा जांभळट असते आणि तिथून मुळांचा झुबका लोंबतो. लँडोल्टियाची चकती त्याहून लहान व लांबट, मुळे मोजकी. लेम्नाच्या प्रत्येक चकतीला एकच मूळ. वोल्फियाला एकही नाही. अंगठ्याच्या नखावर थेंबभर पाणी घेऊन पाहिले तरी एवढा फरक कळतो.

खेड्यांतून आणखी दोन वनस्पतींशी यांची गल्लत होते. पहिली अझोला. दुभत्या जनावरांच्या खाद्यासाठी अनेक शेतकरी प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात ती वाढवतात. ती नेच्याच्या गटातली, म्हणजे बिनफुलांची. तिची पाने खवल्यांसारखी एकमेकांवर चढलेली असतात आणि ऊन लागले की लालसर होतात. दुसरी गोंडाळ, म्हणजे पिस्टिया. तिचा गड्डा कोबीच्या रोपाएवढा होतो आणि पाने मखमली लागतात. गोंडाळ मात्र वोल्फियाची खरी नातलग आहे. वनस्पतिशास्त्र आता डकवीडचा सगळा गट सुरण कुलात, म्हणजे अरॅसीत घालते. अळू, सुरण आणि पावसाळ्याच्या तोंडाला बाजारात येणारी शेवळे याच कुलातली. ज्या कुलात हातभर रुंद पानांचा अळू आहे, त्याच कुलात अर्ध्या मिलिमीटरची वोल्फिया आहे. एवढी मोठी तफावत एकाच घराण्यात क्वचित सापडते.

हे नाते पक्के करण्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. दिल्ली विद्यापीठाचे सतीशचंद्र महेश्वरी (१९३३–२०१९) यांनी १९५०च्या दशकात लेम्ना, स्पायरोडेला आणि वोल्फिया यांच्या फुलांचा आणि भ्रूणांचा बारकाईने अभ्यास केला. स्पायरोडेला हा सुरणाचा गट आणि डकवीड यांच्यामधला दुवा आहे, असे त्यांनी १९५८ साली ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. तेव्हा ते पंचविशीत होते. डीएनएच्या तपासणीने पुढे कित्येक दशकांनी हेच नाते दाखवले. याच महेश्वरींनी १९६४ साली सिप्रा गुहा यांच्यासह धोतऱ्याच्या परागकोशांपासून रोपे वाढवण्याचा शोध लावला आणि पीकसुधारणेला त्याचा जगभर उपयोग झाला. तो शोध पाठ्यपुस्तकांत पोचला. डबक्यावरच्या कणांवरचे त्यांचे काम मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही.

वोल्फियाच्या देहात खोड आणि पान असे वेगळे काढता येत नाही. सगळा मिळून एक फुगीर हिरवा कण असतो. वरची बाजू किंचित सपाट असते, तिच्यावर श्वासाची रंध्रे असतात आणि तीच हवेत उघडी राहते. बाकीचा भाग पाण्यात बुडालेला असतो. पाणी आणि क्षार सगळ्या अंगातूनच आत येतात, त्यामुळे मुळांची गरज उरत नाही आणि पाणी वर चढवणाऱ्या नळ्यांचीही नाही. उभे राहायचे नसल्याने लाकूडही नाही. उत्क्रांतीत या वनस्पतीने एकेक अवयव टाकून दिला आणि तिच्या जनुकांतही ही काटकसर दिसते. स्पायरोडेलाचा जनुकसंच २०१४ साली वाचला गेला, तेव्हा त्यात विसेक हजारांच्या आत जनुके निघाली. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या एका वोल्फियाचा संच वाचल्यावर ती संख्या आणखी कमी, पंधरा हजारांच्या घरात असल्याचे दिसले. इतर झाडांत दिवस आणि रात्र पाहून कामाची वेळ बदलणारी जनुके खूप असतात. या वोल्फियात त्यांचे प्रमाण शेकडा १३ एवढेच आढळले. वाढ थांबवून वाट पाहण्याची यंत्रणाच तिने बरीचशी काढून टाकली आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

वोल्फियाचे फूल पाहायला भिंग लागतेच. कणाच्या वरच्या पृष्ठावर एक खळगा तयार होतो आणि त्यात एक पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर एवढेच उभे राहते. पाकळ्या नाहीत, हिरव्या निदलांचा पेला नाही, रंग नाही, वास नाही. आधी स्त्रीकेसर तयार होतो आणि त्याच्या टोकावर चिकट द्रवाचा थेंब येतो. पुंकेसर नंतर वर येऊन फुटतो. दोन्ही एका वेळी तयार नसल्याने एकाचे पराग शेजारच्या कणाला मिळण्याची शक्यता वाढते. कण एकमेकांना खेटून तरंगत असतात, त्यामुळे नुसता धक्का लागूनही परागांची देवघेव होऊ शकते. थरावरून चालणारे बारीक किडेही हे काम करतात. फळात एकच बी धरते. हे फळही फुलवनस्पतींच्या फळांत सर्वांत लहान, मिठाच्या कणाएवढे.

निसर्गात वोल्फियाला फूल क्वचितच येते. म्हणूनच ते प्रयोगशाळेत हवे तेव्हा कसे आणायचे, हा शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न होता. महेश्वरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी वोल्फिया मायक्रोस्कोपिका ही खास भारतीय उपखंडातली जाती निवडली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम ग्रिफिथ यांनी तिचे पहिल्यांदा वर्णन केले होते. तिच्या पोटाखाली मुळासारखा एक दोरा असतो, पण ते खरे मूळ नव्हे. दिवस लहान असताना ही जाती फुलते. पाण्यातल्या लोहासारख्या धातूंना धरून ठेवणारी काही रसायने मिसळली, तर तिच्या फुलण्यावर ताबा मिळवता येतो, हे १९६३ साली दिल्लीच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले. झाड केव्हा फुलायचे ते कसे ठरवते, या जुन्या कोड्यावर काम करायला एवढी सोयीची वनस्पती दुसरी नव्हती. पूर्ण झाड काचेच्या चंबूत मावते आणि काही दिवसांत निकाल हाती येतो.

फुलांवाचून तिचे काही अडत नाही. एरवी ती वाढते ती कोंब फुटून. कणाच्या एका टोकाला पोकळी असते, तिच्यातून नवा कण बाहेर येतो, काही काळ आईला चिकटून राहतो आणि मग सुटतो. सुटण्याआधीच त्याच्या पोटात पुढच्या पिढीची तयारी झालेली असते. वोल्फिया मायक्रोस्कोपिकाची प्रयोगशाळेत मोजलेली दुप्पट होण्याची मुदत सुमारे तीस तासांची आहे. एवढ्या वेगाने वाढणारी दुसरी फुलवनस्पती माहीत नाही. तळ्यात हा वेग मिळत नाही, पण दोन दिवसांना दुप्पट धरली तरी एका कणाचे महिन्यात ३२ हजारांवर कण होतात आणि चाळीस दिवसांत दहा लाखांवर. एक चौरस मीटर पाणी पूर्ण झाकायला साधारण पन्नास लाख कण लागतात. म्हणजे सुरुवातीला मूठभर बियाणे असेल तर डबके आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवे होते, यात नवल नाही. ही वाढ थांबते ती अन्न संपल्यावर, जागा संपल्यावर किंवा पाणी आटल्यावर.

तिला कुठले पाणी चालते, हे त्यामुळे महत्त्वाचे. मेहकरचा परिसर त्यासाठी चांगले उदाहरण आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरच्या भागात, पैनगंगेच्या काठी हे गाव वसले आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पैनगंगा चिखली आणि मेहकर तालुक्यांतून पुढे वाशीम जिल्ह्यात शिरते. जमीन काळी, खाली बेसॉल्टचा कातळ, पाऊस चार महिन्यांचा. अशा मुलखात पाणी अनेक रूपांत थांबते : नदीचे डोह, पाझर तलाव, गावतळी, खडी काढून सोडून दिलेल्या खदानी, शेततळी आणि मोठी धरणे. ही सगळी वोल्फियाला सारखी नाहीत.

वाहत्या पाण्यात ती टिकत नाही. मुळे नसल्याने धरून ठेवायला काही नसते आणि पहिल्याच पुरात सगळा थर वाहून जातो. पैनगंगेला पूर असतो तेव्हा पात्रात ती दिसायची नाही. ऑक्टोबरनंतर प्रवाह बारीक झाला आणि डोह एकमेकांपासून तुटले की तिचा हंगाम सुरू होतो. पैनगंगेवरचे पेनटाकळी आणि कोराडी नदीवरचे कोराडी यांसारख्या धरणांचा मोठा उघडा जलाशयही तिला मानवत नाही, कारण वारा लाटा उठवतो आणि कण एका काठाला ढकलून कोरडे पाडतो. अशा ठिकाणी ती लव्हाळ्याच्या किंवा रामबाणाच्या आडोशाला, काठच्या उथळ फुगवट्यात सापडते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात नुसते विहिरीचे स्वच्छ पाणी असेल तर ती आली तरी फोफावत नाही. गावालगतच्या तळ्यात, जिथे गोठ्याचे पाणी, सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेले खत उतरते, तिथे ती तळे व्यापते. नत्र आणि स्फुरद या दोन गोष्टी तिला हव्यात, आणि नत्र अमोनियाच्या रूपात असले तर अधिकच. माणसाला आणि माशांना ज्या पाण्याचा त्रास होतो, त्यातच तिचे पोट भरते.

मेहकरपासून जवळच असलेल्या लोणारचे उदाहरण नेमके याच्या उलट आहे. तिथल्या विवरातल्या सरोवराचे पाणी स्थिर आहे, आडोसा भरपूर आहे आणि अन्नद्रव्येही आहेत. तरी ते डकवीडचे तळे नाही. पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या आसपास. डकवीडच्या जातींना सामू पाच ते नऊ लागतो आणि क्षारही बेताचेच सोसतात. लोणारच्या पाण्याचा नेहमीचा हिरवा रंग येतो तो स्पिरुलिनासारख्या डोळ्यांना न दिसणाऱ्या निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांमुळे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेही क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. विवराच्या कडेवरून वाहणारी गोड्या पाण्याची धार आणि खालचे खारे सरोवर यांत अंतर थोडेच, पण वनस्पतींच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रदेश आहेत.

घाटावरचा उन्हाळा ही या वनस्पतींची खरी परीक्षा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि बरीच तळी कोरडी पडतात. वोल्फियाचा उघडा कण वाळला की संपला. तरीही पुढच्या पावसाळ्यानंतर थर पुन्हा दिसतो. त्याला कारणे तीन. स्पायरोडेलासारख्या काही जाती अन्न कमी पडू लागले किंवा थंडी वाढली की पिठूळ पदार्थांनी भरलेल्या, गडद रंगाच्या जड कळ्या तयार करतात. त्या तळाला जाऊन बसतात आणि दिवस पालटले की वर येतात. लेम्ना एक्विनॉक्टिअॅलिस या उष्ण प्रदेशातल्या जातीला फुले बऱ्यापैकी येतात आणि तिचे बी कोरड्या चिखलात तग धरते, म्हणून हंगामी तळ्यांत तीच जास्त आढळते. आणि वोल्फियाला आसरा देणारे कुठे ना कुठे बारमाही पाणी राहतेच, मग ते नदीचा खोल डोह असो, बारव असो की गावाचा नाला. तिथून पुन्हा पसरण्याचे काम पक्षी करतात. अडई, हळदीकुंकू बदक किंवा हिवाळ्यात येणारे थापटे एका तळ्यातून उठून दुसऱ्यात उतरतात, तेव्हा त्यांच्या पायांना आणि पिसांना ओले कण चिकटलेले असतात. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीही हे काम करतात, फक्त थोड्या अंतरापुरते.

थर विरळ असेपर्यंत त्याचा त्रास नाही. त्याखाली माशांची पिल्ले लपतात, पाणी कमी तापते, शेवाळाला ऊन मिळत नसल्याने तेही आटोक्यात राहते. थर जाड होऊन पाणी काठोकाठ झाकले की चित्र बदलते. उजेड खाली पोचत नाही, पाण्यातल्या इतर वनस्पती मरतात, हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळायला अडथळा येतो आणि वरचा थर कुजू लागला की उरलासुरला प्राणवायूही खर्च होतो. मासे तडफडतात ते या वेळी. दोष मात्र वनस्पतीवर टाकण्यात अर्थ नाही. ती तळ्यात येणाऱ्या घाणीचा हिशेब दाखवते. जलपर्णीच्या बाबतीत ती बाहेरून आलेली आहे ही तक्रार तरी करता येते. वोल्फिया इथलीच आहे.

सांडपाण्यातली अन्नद्रव्ये ओढून घेणाऱ्या या भुकेचा उपयोगही करून घेतला गेला आहे. बांगलादेशात मिर्झापूरच्या कुमुदिनी रुग्णालय संकुलातले सांडपाणी १९९०च्या सुमारापासून डकवीडच्या तळ्यांतून फिरवून स्वच्छ केले गेले आणि काढलेली वनस्पती माशांना खाऊ घातली गेली. पाण्यातले नत्र आणि स्फुरद वनस्पतीत उतरते, वनस्पती वेळोवेळी काढली की ते पाण्याबाहेर जाते. काढली नाही तर ती तिथेच कुजते आणि सगळे परत पाण्यात येते, म्हणून हे काम नेमाने करावे लागते. आपल्याकडे अशा योजना सुरुवातीला उत्साहाने होतात आणि पुढे अडतात त्या याच ठिकाणी. रसायनांच्या विषारीपणाची चाचणी घेण्यासाठीही लेम्ना जगभर वापरली जाते. एखाद्या कीटकनाशकाने तिची वाढ किती मंदावते, यावरून ते पाण्याला किती घातक आहे याचा अंदाज बांधतात.

खाण्याच्या दृष्टीने वोल्फियाला थायलंड आणि लाओसमध्ये जुना मान आहे. तिथे ती शिजवून भाजीसारखी खातात, बाजारात विकतात. १९७१ साली तिच्यातल्या प्रथिनांकडे ‘नेचर’मधल्या एका लेखाने लक्ष वेधले, तेव्हापासून तिच्यावर खाद्य म्हणून संशोधन चालू आहे. सुक्या वजनाच्या वीस ते चाळीस टक्के प्रथिने तिच्यात भरतात, आणि हा आकडा ती कसल्या पाण्यात वाढली यावर अवलंबून असतो. २०२१ साली युरोपीय संघाने ताज्या वोल्फियाला पारंपरिक अन्न म्हणून विक्रीची परवानगी दिली. उद्याचे महाअन्न वगैरे जाहिरातीही त्यामुळे सुरू झाल्या आहेत. त्यांतला मोठा भाग सोडून द्यावा. ताज्या वोल्फियात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि घरच्या घरी कोरडे पीठ मिळवायला टोपल्याच्या टोपल्या काढाव्या लागतात. कोंबड्या, बदके आणि गवत्या मासा यांच्या पूरक खाद्यासाठी मात्र तिचा उपयोग खरा आहे. अझोला जमवलेल्या शेतकऱ्याला स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या टाक्यात, थोडे शेण कालवून, वोल्फिया किंवा लेम्ना वाढवणे अवघड नाही.

तळे मोकळे करायचे असेल तर बारीक जाळीच्या पाटीने थर काठाला ओढून काढणे हाच सरळ उपाय. पहाटे वारा पडलेला असताना नव्हे, तर वाऱ्याने थर एका बाजूला लोटलेला असताना हे काम करावे, म्हणजे श्रम निम्म्याने वाचतात. काढलेला थर कंपोस्टात जातो, त्यातले नत्र शेताला परत मिळते. तणनाशक मारू नये. मेलेला थर तळाशी कुजून तळ्याची अवस्था आणखी बिघडते. कायमचा इलाज म्हणजे तळ्यात येणारे सांडपाणी वळवणे आणि साठलेला गाळ काढणे. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामासाठी तलावांतली माती आणि गाळ काढण्याचा जो प्रयोग झाला आणि बुलढाणा पॅटर्न म्हणून गाजला, त्याने पाण्याचा साठा वाढला, तसा वर्षानुवर्षे तळाशी बसलेल्या स्फुरदाचा काही भागही तळ्यांबाहेर गेला.

एक काळजी मात्र सर्वांनी घ्यावी. ही वनस्पती अन्नद्रव्यांप्रमाणे शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिकही पाण्यातून ओढून अंगात साठवते. गटारातून, कारखान्याच्या नाल्यातून किंवा कसले पाणी येते याची खात्री नसलेल्या डबक्यातून काढलेला थर स्वतः खाऊ नये आणि जनावरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये.